अपक्षांची गर्दी कमी करण्याआधी

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

विधानसभा निवडणुकीतील अपक्षांच्या गर्दीविषयी आपल्या दैनिकात अलीकडे आलेली वाचकांची पत्रे मी लक्षपूर्वक वाचली. अनामत रक्कम एक लाख रुपये करावी, अपक्षांच्या अर्जावर लागणाऱ्या सूचकांची, म्हणजे त्यांचे नाव सुचवून सही करणाऱ्या मतदारांची, संख्या वाढवावी, किंबहुना अपक्ष म्हणून उभे राहण्याची मुभाच काढून घ्यावी, अशा सूचना त्यांत आहेत. २०२४ च्या निवडणुकीत २८८ जागांसाठी ४,१३६ उमेदवार होते, त्यांपैकी २,०८६ अपक्ष होते आणि निवडून आले अवघे दोन, हा हिशेब त्या सूचनांच्या मुळाशी आहे. हिशेब बरोबर आहे. मात्र त्या २,०८६ जणांमध्ये मीही होते, आणि या आकड्यांकडे आतून पाहिले असता जे दिसते ते वाचकांसमोर ठेवावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळांत चौतीस वर्षे शिकवून मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. मराठवाड्यातील ज्या मतदारसंघातून मी उभी राहिले, तेथील निम्म्याअधिक गावांत माझे विद्यार्थी आहेत. शाळांमधील रिक्त पदे आणि पाचवीनंतर मुलींना गावाबाहेर पाठवायला एसटीची सोय नसणे, हे दोन प्रश्न प्रत्येक पक्षाच्या मंचावर मांडून पाहिल्यानंतर, ते विधानसभेत मांडायचे तर आपणच उभे राहावे, असे मी आणि माझ्या काही सहकाऱ्यांनी ठरवले. मला चार हजारांच्या आसपास मते पडली. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास अनामत रक्कम जप्त होते, त्या नियमानुसार माझे दहा हजार रुपये सरकारजमा झाले. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण ही अट अर्ज भरतानाच मला ठाऊक होती.

पत्रलेखकांच्या आक्षेपात तथ्य आहे, हे मी प्रथम मान्य करते. सगळेच अपक्ष स्वतःच्या बळावर उभे राहत नाहीत. काहींना मोठा उमेदवारच उभा करतो, म्हणजे प्रचाराची आणखी काही वाहने परवान्यासह मिळतात आणि मतदान केंद्रावर व मतमोजणीच्या टेबलावर आपली जास्त माणसे बसवता येतात. काही जण प्रतिस्पर्ध्याच्या नावाशी साधर्म्य असलेले असतात. रायगड लोकसभा मतदारसंघात २०१४ मध्ये सुनील तटकरे २,११० मतांनी पराभूत झाले, आणि त्यांच्याच नावाच्या दुसऱ्या उमेदवाराला ९,८४९ मते मिळाली होती. काही अर्ज तर माघारीच्या दिवशी दुपारी तीनच्या आत कोणी तरी समजूत घालायला येईल या भरवशावरच भरलेले असतात. या प्रकारांची सर्वांत मोठी झळ मतदारांच्या खालोखाल आम्हा प्रामाणिक अपक्षांनाच बसते. प्रचारात पहिल्या दिवसापासून मला जो प्रश्न विचारला गेला तो शाळांविषयी नव्हता. "बाई, तुम्हाला उभं कुणी केलं? कुणाची मतं खायला निघालात?" असे माझेच विद्यार्थी विचारत होते, आणि त्यात त्यांची चूक नव्हती, कारण त्यांनी पाहिलेले बहुतेक अपक्ष तसेच होते. म्हणूनच बनावट अपक्षांना आवर घालावा ही मागणी माझीही आहे. ज्या उपायांनी तो घातला जाईल असे मानले जाते, त्यांविषयी मात्र माझा गंभीर मतभेद आहे, कारण ते उपाय एकदा करून झालेले आहेत.

तमिळनाडूतील मोडाकुरिची विधानसभा मतदारसंघात १९९६ मध्ये शेतकऱ्यांच्या मागण्यांकडे लक्ष वेधण्यासाठी शेकडो जणांनी अर्ज भरले आणि उमेदवारांची संख्या १,०३३ वर गेली. तेथे मतपत्रिका नव्हे, मतपुस्तिका छापावी लागली. त्याच वर्षी लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती झाली. विधानसभेची अनामत रक्कम २५० रुपयांवरून ५,००० रुपये करण्यात आली, जी पुढे १०,००० झाली. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी ती निम्मी आहे. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एकच सूचक पुरेसा ठेवून अपक्षांना दहा सूचकांची अट घातली गेली. मतपत्रिकेवर आधी मान्यताप्राप्त पक्ष, नंतर नोंदणीकृत पण अमान्यताप्राप्त पक्ष आणि शेवटी अपक्ष, असा क्रम लागला. आणि ज्याची चर्चा क्वचितच होते असा चौथा बदल म्हणजे माघारीचा शेवटचा दिवस आणि मतदान यांत किमान वीस दिवसांचे अंतर असण्याची जी तरतूद होती, ती चौदा दिवसांवर आणण्यात आली. हे सारे होऊन पाव शतकाहून अधिक काळ लोटल्यावरही राज्यात दोन हजारांवर अपक्ष उभे राहतात. थांबले कोण, हा प्रश्न मग विचारायलाच हवा. ज्याच्यामागे मोठा उमेदवार आहे त्याच्या दृष्टीने अनामत रक्कम दहा हजार असो वा एक लाख, ती त्याच्या खिशातून जात नाही आणि दहा सूचक त्याला एका फोनवर मिळतात. या अटी अडवतात त्या ज्याच्यामागे कोणी नाही त्याला.

दहा सूचकांचेच पाहा. कागदावर ही अट किरकोळ वाटते. पण सूचक त्याच मतदारसंघाच्या यादीतला असावा लागतो, आणि अर्ज दाखल झाल्यावर निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जी सूचना लावली जाते, तीत उमेदवारासोबत सूचकाचेही नाव असते. गावात राहणाऱ्या, ऊस कारखान्याला घालणाऱ्या, पीककर्ज सोसायटीतून उचलणाऱ्या माणसाने तेथे आपले नाव लावून घेणे म्हणजे तालुक्यातील सत्तेला उघड आव्हान देणे होय. माझ्याकडे गुपचूप मत देण्याचे वचन देणारे शेकडो होते. सही करायला तयार झालेले दहा मिळवायला मला नऊ दिवस लागले. त्यांतही एक नाव ऐन वेळी बाद ठरले, कारण आमचा तालुका दोन मतदारसंघांत विभागलेला आहे आणि त्या गृहस्थांचे गाव पलीकडच्या मतदारसंघात मोडत होते. अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस २९ ऑक्टोबर, म्हणजे धनत्रयोदशीचा होता. अकरा ते तीन एवढ्याच वेळात अर्ज घेतले जातात. आदल्या रात्री दहावा सूचक म्हणून सही करणाऱ्या विधवा भगिनीचे नाव मी येथे लिहीत नाही, पण त्या सहीचे मोल मला ठाऊक आहे.

अर्जासोबत द्याव्या लागणाऱ्या शपथपत्राबाबत मात्र मी तक्रार करणार नाही. आपली मालमत्ता, कर्जे, शिक्षण आणि गुन्हे यांची माहिती मतदाराला मिळालीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ आणि २००३ मध्ये सांगितले ते योग्यच आहे. एकही रकाना कोरा सोडता येत नाही, जेथे काही नाही तेथे "निरंक" वा "लागू नाही" लिहावे लागते. अर्ज दिल्यानंतर, छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत, शपथ घ्यावी लागते. या गोष्टी वेळ खातात, पण त्या सर्वांना सारख्या आहेत.

जे सारखे नाही त्याची सुरुवात चिन्हापासून होते. पक्षाच्या उमेदवाराचे चिन्ह त्याच्या जन्माआधीपासून भिंतींवर रंगवलेले असू शकते. अपक्षाने अर्जात मुक्त, म्हणजे कोणत्याही पक्षासाठी राखीव नसलेल्या, चिन्हांपैकी तीन पसंतिक्रम द्यायचे, आणि माघारीची मुदत संपल्यावर त्याला चिन्ह मिळायचे. त्यातही अमान्यताप्राप्त पक्षांच्या उमेदवारांना आधी प्राधान्य आणि दोन अपक्षांनी एकच चिन्ह मागितले तर सोडत. मी पाटी मागितली होती. सोडतीत ती दुसऱ्या उमेदवाराकडे गेली आणि मला शिवणयंत्र मिळाले. ती तारीख ४ नोव्हेंबर, भाऊबिजेचा दुसरा दिवस. आमच्या गावच्या छापखान्यातील कामगार दिवाळीच्या सुट्टीवर होते, त्यामुळे मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता असलेले पहिले पत्रक हाती आले तेव्हा ७ तारीख उजाडली होती. प्रचार १८ नोव्हेंबरला सायंकाळी संपला. राज्यात तेव्हा ९ कोटी ७० लाख मतदार होते आणि एक लाखाहून थोडी अधिक मतदान केंद्रे होती. म्हणजे एका मतदारसंघात सरासरी ३ लाख ३७ हजार मतदार आणि साडेतीनशेच्या आसपास केंद्रे. चिन्ह हाती आल्यापासून प्रचार संपेपर्यंतच्या चौदा दिवसांत रोज पंचवीस केंद्रांवर पोहोचले तरच सगळीकडे एकदा जाऊन होते. मी आणि माझे सहकारी एका भाड्याच्या जीपने दिवसाला आठ-नऊ गावे करू शकलो.

त्यातच आमच्या मतदारसंघात उमेदवार होते एकोणीस. एका मतदान यंत्रावर सोळा बटणे असतात, म्हणून दोन यंत्रे जोडावी लागली, आणि अपक्षांचा क्रम शेवटी असल्यामुळे माझे नाव दुसऱ्या यंत्रावर दुसरे आले. कापूस वेचायला निघालेल्या वृद्ध मतदाराला शिवणयंत्राचे चित्र, ते दुसऱ्या मशीनवर आहे ही गोष्ट आणि माझा चेहरा, अशा तिन्ही गोष्टी दोन मिनिटांत सांगायच्या, आणि त्यानंतर वेळ उरलाच तर शाळांविषयी बोलायचे. यंत्रावर उमेदवाराचे छायाचित्र २०१५ पासून येऊ लागले आहे, त्याचा खरा उपयोग मला त्या दिवसांत कळला.

मतदार यादीची गोष्ट पुष्कळ वाचकांना ठाऊक नसेल. मान्यताप्राप्त पक्षांच्या उमेदवारांना मतदार यादीची प्रत विनामूल्य देण्याची तरतूद कायद्यातच आहे. अपक्षाला ती शुल्क भरून घ्यावी लागते. संकेतस्थळावर याद्या असतात हे खरे, पण त्या केंद्रागणिक वेगळ्या, आणि प्रत्येक भागासाठी चित्रातली अक्षरे पुन्हा ओळखून भरावी लागतात. माझ्या भाच्याने तीन रात्री जागून सव्वातीनशे भाग उतरवून घेतले. दूरदर्शन आणि आकाशवाणीवरील मोफत प्रक्षेपणाचा वेळही मान्यताप्राप्त पक्षांनाच मिळतो. यादी हे निवडणुकीतील मूलभूत साधन आहे. ज्याला कोट्यवधींचे पक्षनिधी उपलब्ध आहेत त्याला ते फुकट आणि निवृत्तिवेतनातून खर्च करणाऱ्याला ते विकत, ही व्यवस्था कोणत्या न्यायात बसते हे मला अद्याप उमगलेले नाही.

खर्चाच्या बाबतीत ही विषमता सर्वांत मोठी आहे. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख रुपये खर्चाची मर्यादा आहे. २०२२ पूर्वी ती याहून कमी होती. गोव्यासारख्या लहान राज्यात ती २८ लाख आहे. ही मर्यादा उमेदवारावर आहे, पक्षावर नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता यांच्या खटल्यात असे ठरवले होते की उमेदवाराच्या संमतीने वा माहितीने पक्षाने त्याच्यासाठी केलेला खर्च त्याच्याच खात्यात धरावा. त्याच वर्षी कायदा बदलून तो निर्णय निष्प्रभ करण्यात आला. २००३ च्या दुरुस्तीने ही पळवाट बरीच आवळली, तरी मान्यताप्राप्त पक्षाच्या चाळीस प्रमुख प्रचारकांचा प्रवासखर्च उमेदवाराच्या हिशेबाबाहेर राहिला, आणि पक्षाने एकंदर प्रचारावर किती खर्च करावा याला आजही मर्यादा नाही. आमच्या तालुक्याच्या मैदानावर हेलिकॉप्टर उतरले त्या दिवशी मी जीपमध्ये डिझेल भरल्याची पावती वहीत चिकटवत होते. राज्यातील एका ज्येष्ठ नेत्यांनी २००९ च्या लोकसभा निवडणुकीत आपला आठ कोटी रुपये खर्च झाल्याचे २०१३ मध्ये जाहीर कार्यक्रमात सांगितले होते; तेव्हाची मर्यादा २५ लाख होती.

मी हिशेबाविरुद्ध बोलत नाही. निवडणुकीसाठी वेगळे बँक खाते अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडावे लागते. हिशेबाच्या वहीत रोजच्या खर्चाची पाने पांढरी, रोखीची गुलाबी आणि बँकेची पिवळी असतात; प्रचाराच्या काळात किमान तीन वेळा ती तपासणीसाठी न्यावी लागते आणि निकालानंतर तीस दिवसांत पूर्ण हिशेब द्यावा लागतो, नाहीतर तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले जाऊ शकते. चहाचा कप, खुर्चीचे भाडे, मंडपाचा चौरस फूट, सगळ्याचे दर ठरवून दिलेले असतात. माझा सगळा खर्च एक लाख ८० हजारांच्या आत बसला. चहाच्या कपापर्यंतचा हिशेब उमेदवाराकडून घेणारी व्यवस्था पक्षाला मात्र कसलीच मर्यादा घालत नाही, हे मला कोणत्याही गैरप्रकाराहून अधिक खुपते, कारण हे कायद्याने मान्य केलेले आहे.

अपक्ष नकोतच, हे मत केवळ वाचकांचे नाही. विधी आयोगाने २०१५ मधील २५५ व्या अहवालात तशी शिफारस केली आहे. निवडणूक खर्चाला सरकारी मदत देण्याचा विचार करणाऱ्या इंद्रजित गुप्ता समितीने १९९८ मध्ये ती मदत फक्त मान्यताप्राप्त पक्षांना द्यावी असे म्हटले होते. अपक्ष आमदार पाठिंब्याचा सौदा करतात, हा या विचारामागील मुख्य मुद्दा आहे, आणि महाराष्ट्रात १९९५ मध्ये ४५ अपक्ष निवडून आले तेव्हाची चर्चा अनेकांच्या स्मरणात असेल. पण निवडणुकीनंतर कोणत्याही पक्षात प्रवेश करणाऱ्या अपक्षाची आमदारकी रद्द होते, हे राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीत, म्हणजे पक्षांतरबंदीच्या तरतुदीत, स्पष्ट आहे. गेल्या काही वर्षांत पूर्ण पक्षच दुभंगताना महाराष्ट्राने पाहिले, त्यात अपक्षांचा वाटा किती होता हे वाचकांना माझ्याहून अधिक माहीत आहे. शिवाय निवडून येणाऱ्या अपक्षांची संख्या २०१९ मध्ये १३ आणि २०२४ मध्ये दोन, इतकी घसरली आहे. त्यांतही पक्षाचे तिकीट न मिळालेले बंडखोर, ज्यांच्यामागे जुनी यंत्रणा असते, त्यांचाच भरणा अधिक असतो. पक्षाशी कधीच संबंध नसलेला शिक्षक, डॉक्टर वा शेतकरी विधानसभेत पोहोचणे आजही जवळजवळ अशक्य आहे. त्याला मनाई करण्यासाठी वेगळ्या कायद्याची गरज उरलेली नाही.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. छाननीनंतर वैध ठरलेल्या प्रत्येक उमेदवाराला मतदार यादी विनामूल्य द्यावी. माघार आणि मतदान यांतील किमान अंतर पुन्हा वीस दिवस करावे. मान्यताप्राप्त पक्षाने एका मतदारसंघात करावयाच्या खर्चालाही मर्यादा असावी आणि तो खर्च उमेदवाराच्या हिशेबाशेजारी मांडला जावा. बनावट अपक्षांसाठी मात्र अनामत रक्कम वाढवण्याऐवजी, एखाद्या अपक्षाच्या नावावरील परवान्याचे वाहन दुसऱ्या उमेदवाराच्या प्रचारात आढळले किंवा त्याचा प्रतिनिधी दुसऱ्याच्या कामासाठी बसलेला दिसला, तर त्या अपक्षाचा संपूर्ण खर्च त्या मोठ्या उमेदवाराच्या खात्यात जमा करावा. भरारी पथके आणि चित्रीकरण पथके नाक्यानाक्यावर असतातच. त्यांना हे पाहणे अवघड नाही. ज्याच्यासाठी गर्दी केली जाते त्याच्याच खात्यावर ती आली, की ती कमी व्हायला वेळ लागणार नाही.

पुढील निवडणुकीच्या वेळी माझे वय सत्तरीकडे झुकलेले असेल, म्हणून मी पुन्हा उभी राहीन असे वाटत नाही. माझ्या दहा सूचकांपैकी एक तरुण, जो एके काळी माझ्या चौथीच्या वर्गात होता, उभा राहण्याचा विचार करीत आहे. पंचवीस वर्षे पूर्ण ही अट त्याने केव्हाच ओलांडली आहे. त्याने परवा माझ्याकडे येऊन ती तीन रंगांच्या पानांची वही मागून नेली, आणि मतदार यादीसाठी किती पैसे बाजूला ठेवावे लागतील, एवढेच विचारले.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मुख्याध्यापिका व अपक्ष उमेदवार,
विधानसभा निवडणूक २०२४, मराठवाडा